वाचकांचे प्रश्न : अखेरच्या दिवसांतील शुश्रूषा

या वेळी आलेल्या टपालात तीन पत्रे एकाच विषयावरची निघाली. तिन्ही इंदूरची, किंवा इंदुरात असलेल्या माणसांविषयीची आहेत. एक शुश्रूषा केंद्र चालवणाऱ्या बाईंचे, एक मुलीचे आणि एक सेविकेचे. तिन्ही पत्रे एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचावीत, म्हणून अन्य प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले आहेत.

प्रश्न १ : रामबागेच्या बाजूला आमचे वृद्धांचे शुश्रूषा केंद्र आहे. सध्या चोवीस जण राहतात. निम्म्याहून अधिक मराठी घरांतले आहेत आणि बहुतेकांची मुले पुणे, बंगळुरू किंवा परदेशात असतात. सेविका आणि वॉर्डबॉय मिळून अकरा जण आहेत. दिवसा एक नर्स असते, रात्री नसते. गेल्या पावसाळ्यात ८७ वर्षांच्या एका आजोबांना पहाटे तीन वाजता धाप लागली. रात्रीच्या सेविकेने घाबरून रुग्णवाहिका बोलावली. आजोबा चार दिवस अतिदक्षता विभागात नळ्यांमध्ये राहिले आणि तेथेच गेले. नळ्या ओढू नयेत म्हणून त्यांचे हात बांधलेले होते. शुद्धीत असताना ते कितीदा तरी म्हणत, “आता मला कुठे हलवू नका.” त्यांच्यात होत असलेला बदल त्या सेविकेला महिनाभर आधीच दिसला होता, असे नंतर कळले. तिने सांगितले नाही, किंवा आम्ही ऐकले नाही. आता सर्वांना अशा काळातील सेवेचे प्रशिक्षण द्यावे असे ठरवले आहे. एका दिवसाचे शिबिर, एका डॉक्टरांचे व्याख्यान आणि इंग्रजी तक्ते भाषांतरित करून भिंतीवर लावणे, एवढे पुरेल का? सुरुवात कोठून करावी? (व्यवस्थापिका, इंदूर)

उत्तर : “तिने सांगितले नाही, किंवा आम्ही ऐकले नाही” या तुमच्या वाक्याचा उत्तरार्ध खरा असावा, असे मला वाटते. मी आयुष्यभर आधी परिचारिका म्हणून आणि नंतर परिचारिकांना शिकवत काम केले. आजीबाईंचे अंग पुसणाऱ्या, त्यांना भरवणाऱ्या सेविकेला जे दिसते, ते आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना दिसत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आजोबांचा घास तोंडात फिरत राहतो, कुशीवर वळवताना ते पूर्वीसारखा कठडा धरत नाहीत, लुंगीची गाठ दोन बोटे आत सरकली आहे, हे तिला माहीत असते. परंतु “मला वाटतं, आजोबा आता फार दिवसांचे नाहीत” असे तिने म्हटले, तर “अशुभ बोलू नकोस” हे उत्तर तिला मिळते. दोनदा असे उत्तर मिळालेली बाई तिसऱ्यांदा बोलत नाही. त्यामुळे सेविकांना शिकवण्यापूर्वी एक गोष्ट तुम्हाला स्वतःला ठरवावी लागेल. सेविकेने जे पाहिले ते तिने कोणाला सांगायचे, ते कोणी लिहून घ्यायचे आणि किती तासांत त्यावर कोणी काय करायचे, याची निश्चित वाट आखल्याशिवाय कितीही शिकवले तरी ते शिक्षण तिच्या तोंडातच अडकून राहील.

शिबिर घेण्यात वावगे काही नाही. मात्र शिबिर दिवसा होते, आणि तुमच्या पत्रातील पहाटे तीनची सेविका दिवसा झोपलेली असते. शिबिराचे फोटो निघतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि ज्या बाईच्या समोर माणसे शेवटचा श्वास घेतात ती नेमकी त्यात नसते. माझा सल्ला असा की पाळी बदलते त्या वेळी, रात्री आठच्या सुमारास, आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास, खाटेपाशी उभे राहून शिकवावे. भाषा सेविकांची असावी. तुमच्याकडे खरगोन, बडवानी, झाबुआ या भागांतून आलेल्या बायका असणार. त्यांना निमाडी मिसळलेल्या हिंदीत सांगितलेले जेवढे उमगेल, तेवढे व्याख्यानातील शुद्ध हिंदी उमगणार नाही.

पहिला धडा तोंडाचा घ्यावा. एका सेविकेला खाटेवर उताणे झोपवावे, तिने डोळे मिटावेत, आणि दुसरीने काही न बोलता चमच्याने तिच्या तोंडात पाणी घालावे. तिला ठसका लागेल, ती दचकून उठेल, सगळ्या हसतील. त्यानंतर डोके उंच करून, “पाणी देते हं” असे सांगून, अर्धा चमचा देऊन, गिळल्याची खात्री होईपर्यंत थांबायचे. हा फरक एकदा स्वतःच्या घशाने अनुभवलेली बाई तो विसरत नाही. याच पद्धतीने अर्धा तास अजिबात न हलता एका कुशीवर पडून राहायला सांगावे. टाच, खुबा आणि खांदा कोठे दुखतो हे कळले की दर दोन तासांनी कूस का बदलायची, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी का ठेवायची, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन जुन्या सवयी मात्र आवर्जून मोडाव्या लागतात. शय्याव्रणासाठी (पडून राहून होणाऱ्या जखमेसाठी) हवेची रिंग बसायला देणे आणि लाल झालेल्या जागेवर तेल लावून चोळणे या दोन्हींनी आधीच दबलेल्या कातडीचे अधिक नुकसान होते. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने ती जागा आसपासच्या कातडीपेक्षा गरम किंवा टणक लागते का, हे पाहायला शिकवावे.

तोंडाच्या काळजीवर मी जरा जास्त वेळ घालवते, याचे कारण शेवटच्या आठवड्यात माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि तोंड कोरडे पडणे हा त्याचा मोठा त्रास असतो. अनेकदा सलाइनने जी तहान भागेल असे नातेवाइकांना वाटते, ती ओल्या बोळ्याने भागते. कवळी काढून ठेवावी. लहान मुलांचा मऊ ब्रश किंवा स्पंजची काडी पाण्यात बुडवून, पिळून, गालांच्या आतून, हिरड्यांवरून आणि जिभेवरून फिरवावी, आणि शेवटच्या दिवसांत हे दर दोन तासांनी करावे. बोटाला कापड गुंडाळून तोंडात घालू नये, कारण शुद्धीत नसलेला माणूस चावतो. ओठांना बोटभर साजूक तूप किंवा खोबरेल लावले तरी चालते. जिभेवर पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी असू शकते. ते नर्सला सांगावे, खरवडून काढू नये.

दुसरा मोठा धडा वेदनेचा. ज्याला बोलता येते त्याला विचारावे, आणि तो जे सांगेल ते खरे मानावे. स्मृतिभ्रंश झालेल्या, बोलणे हरपलेल्या माणसासाठी ‘पेनॅड’ नावाची एक साधी मोजणी आहे. श्वास, तोंडातून निघणारा आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. बेरीज दहापर्यंत जाते; ती जितकी जास्त तितके दुखणे जास्त. शाळा सोडलेल्या सेविकेलाही ती आठवडाभरात जमते. मात्र बेरजेपेक्षा मी बदलाला महत्त्व देते. सकाळी दोन आणि अंघोळीच्या वेळी सात, असे सलग तीन दिवस लिहिले गेले, तर दुखणे हालचालीचे आहे हे डॉक्टरांना फोनवरही कळते, आणि अंघोळीच्या अर्धा तास आधी वेदनाशामक देण्याची सूचना ते देऊ शकतात. “आजी त्रास देतात, हात लावू देत नाहीत” हे वाक्य तुमच्या नोंदवहीत अनेक ठिकाणी सापडेल. त्यातील बरेच ‘त्रास देणे’ हे दुखणे असते.

येथे इंदूरची एक खास अडचण आहे. जन्मभर बाजारात आणि कचेरीत उत्तम हिंदी बोललेली आपल्याकडची वृद्ध माणसे स्मृतिभ्रंशात ती भाषा हरवून बसतात आणि लहानपणच्या मराठीकडे परततात. त्या वेळी “आग होतेय”, “कळ येतेय”, “लघवीला न्या”, “नको” हे शब्द सेविकेला कळत नाहीत. मग “आजी बडबडतात” अशी नोंद होते. वीस-पंचवीस मराठी शब्दांची एक यादी करा: दुखणे, ठणकणे, सलणे, मळमळणे, गुदमरणे, तहान, थंडी, कूस, उशी. ती देवनागरीत लिहून प्रत्येक सेविकेकडून पाठ करून घ्या. निमाडी बोलणाऱ्या बायकांना हे शब्द परके वाटणार नाहीत. तुमच्याच केंद्रातील एखादे चालते-बोलते निवृत्त मास्तर हा वर्ग आनंदाने घेतील.

मृत्यू जवळ आल्याची लक्षणे शिकवताना इंग्रजी तक्त्याची गरज पडत नाही, कारण आपल्या आज्यांच्या भाषेत ती सगळी आहेत. अन्नपाणी सुटणे, झोप वाढणे, पाय गार पडणे, ऊर्ध्व लागणे, घरघर लागणे हे शब्द सेविकांनी गावाकडे ऐकलेले असतात. त्यांना फक्त प्रत्येक शब्दापुढे काय करायचे ते सांगावे लागते. घशातील लाळ गिळण्याचे किंवा खोकून काढण्याचे बळ न उरल्यामुळे घरघर होते. ऐकणाऱ्याला ती असह्य वाटते, परंतु त्या वेळी माणूस बहुधा शुद्धीत नसतो आणि त्याला गुदमरल्यासारखे होत असल्याचे दिसत नाही. कुशीवर वळवावे, डोके थोडे उंच करावे, गरज वाटल्यास डॉक्टरांना विचारून स्राव कमी करणारे औषध द्यावे. सक्शनची नळी घशात खोल घालण्याने त्रासच होतो. श्वास वेगाने चालून मध्येच थांबणे आणि पुन्हा सुरू होणे हेही या काळात घडते. धाप लागली असताना खिडकी उघडणे, चेहऱ्याकडे पंख्याचा मंद वारा सोडणे आणि बसते करणे यांनी पुष्कळ आराम मिळतो. तुमच्या सेविकेला त्या पहाटे हे ठाऊक असते, तर डॉक्टरांचा फोन लागेपर्यंतची पंधरा मिनिटे ती निभावू शकली असती.

परंतु फोन लागल्यावर पुढे काय, हे तिच्या हाती नव्हते. त्यासाठी प्रत्येक रहिवाशाची ‘ठरलेल्या गोष्टीं’ची एक पानी नोंद हवी. महिन्यातून एकदा सर्व सेविकांना बसवून एकच प्रश्न विचारा, “येत्या वर्षात कोण गेले तर तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही?” इंग्लंडमध्ये केअर होमसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘गोल्ड स्टँडर्ड्स फ्रेमवर्क’ या पद्धतीत हा प्रश्न विचारतात. ज्यांची नावे येतील त्यांच्याशी, त्यांच्या मुलांशी आणि डॉक्टरांशी बोलून लिहून ठेवा : रुग्णालयात न्यायचे की नाही, कोणत्या कारणासाठी न्यायचे (उदाहरणार्थ हाड मोडले तर न्यायचे), रात्री कोणाला फोन करायचा, कोणते औषध आधीच आणून ठेवायचे. भानावर असलेल्यांना आपली इच्छा कायदेशीर स्वरूपात लिहायची असेल, तर त्याची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात उपचारांविषयीचे असे इच्छापत्र (मालमत्तेचे नव्हे) मान्य केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये अटी सोप्या करून दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करण्याची मुभा दिली. आजोबांचे “मला हलवू नका” हे वाक्य कागदावर आणि डॉक्टरांच्या सहीने असते, तर पहाटे तीन वाजता त्या एकट्या बाईवर निर्णयाचा भार पडला नसता.

औषधाविषयी एक खंत लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या माळव्यातच, मंदसौर-नीमच भागात, सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमचला सरकारचा अफू आणि अल्कलॉइडचा कारखाना आहे. तीव्र वेदनेवरचे मॉर्फिन हे औषध अफूतूनच निघते. तरीही येथून काही तासांच्या अंतरावर कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसाला मॉर्फिनची गोळी सहज मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक परवान्यांमुळे डॉक्टर आणि औषधविक्रेते तिच्या वाटेला जात नसत. २०१४ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला एकाच मान्यतेवर ती ठेवता येते. म्हणून तुमच्या केंद्राने अशा मान्यताप्राप्त संस्थेशी आणि तेथील डॉक्टरांशी आधीच संबंध जोडून ठेवावा. मॉर्फिन सुरू झाले की बद्धकोष्ठता होतेच, त्यामुळे त्याबरोबर शौचाला साफ होण्याचे औषध लागते आणि रोजची शौचाची नोंद सेविकेनेच ठेवायची असते. “मॉर्फिन दिले म्हणजे संपवले” हा समज तुमच्या कर्मचाऱ्यांतही असणार. तो उघडपणे बोलू द्यावा आणि डॉक्टरांकडून त्याचे उत्तर मिळवून द्यावे.

राहता राहिले भिंतीवरचे तक्ते. लावा, पण त्यांच्यावर विसंबू नका. इंग्लंडमध्ये अखेरच्या दिवसांतील सेवेसाठी ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ नावाची पद्धत चांगल्या हेतूने आखली गेली आणि पुष्कळ रुग्णालयांत पसरली. परंतु काही ठिकाणी चौकटींत खुणा करणे म्हणजेच सेवा, असे होऊन बसले. रुग्णाला पाणी हवे आहे का हे पाहायचे राहून गेले, नातेवाइकांना काही न सांगता ‘पाथवे’ सुरू झाले. २०१३ मध्ये स्वतंत्र चौकशी झाली आणि २०१४ मध्ये ती पद्धत मागे घेतली गेली. याच्या उलट आपल्याच देशात केरळचे उदाहरण आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेले उपशामक सेवेचे, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास हलका करण्याचे, काम पुढे गावोगावच्या साध्या स्वयंसेवकांनी वाढवले. रिक्षावाले, गृहिणी, विद्यार्थी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले, आणि २००८ मध्ये केरळने उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरण केले. तुमच्या दिवसपाळीच्या नर्सला या विषयाचे नीट शिक्षण द्यायचे असेल, तर इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा डॉक्टर आणि परिचारिकांसाठी अल्पमुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तिचे शुल्क केंद्राने भरावे आणि तिने शिकलेले रात्रीच्या पाळीपर्यंत पोहोचवावे, अशी अट घालावी.

सेविकांचे म्हणणे निर्णयात धरावे म्हणताना मी भावनेने बोलते आहे, असे कोणाला वाटेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ पासून २०१५ पर्यंत हल्ल्यानंतर कायमचे भान हरपलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनी केली. त्यांना इच्छामरण मिळावे यासाठीच्या याचिकेवर २०११ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या याचिकाकर्त्यांपेक्षा रोज सेवा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा मानला. तुमच्या अकरा जणांना आठवड्याच्या बैठकीत एक खुर्ची द्यायला एवढा आधार पुरावा.

प्रश्न २ : माझी आई ८२ वर्षांची असून इंदूरच्या एका केंद्रात आहे. मी पुण्यात असते. तिला स्मृतिभ्रंश होऊन नऊ वर्षे झाली. आता ती बोलत नाही आणि दोन महिन्यांपासून जेवणही फार कमी झाले आहे. केंद्रातील सेविका म्हणते, “आजी तोंड मिटून घेतात.” माझा भाऊ अमेरिकेतून फोनवर सांगतो की नाकातून नळी घाला, हे लोक तिला उपाशी ठेवतात. सेविकांना भरवण्याचे प्रशिक्षण नाही, असे मलाही वाटते. कोणाचे ऐकावे? (एक मुलगी, पुणे)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. आजाराच्या या टप्प्यावर भूक मंदावणे आणि गिळण्याची क्रिया विसरली जाणे स्वाभाविक आहे. तसेच भरवण्याचे कौशल्य नसेल, तर जे चार घास गेले असते तेही जात नाहीत. तेव्हा आधी दुसऱ्या गोष्टीची खात्री करावी. पुढच्या खेपेला इंदूरला जाल तेव्हा जेवणाच्या वेळी शांतपणे शेजारी बसून पाहा. सेविका उभी राहून भरवते की समोर बसून? एकाच वेळी किती जणांना भरवते? आईची मान सरळ असते का? दुपारी दोन वाजता झोपेत असलेल्या माणसाला ‘जेवणाची वेळ’ म्हणून उठवले जाते का? कवळी सैल झाली आहे का, तोंडात फोड आहे का, शौचाला किती दिवस झाले नाही? यांतील एखादे कारण सापडले आणि दूर केले, तर तोंड पुन्हा उघडते, असे मी अनेकदा पाहिले आहे. सेविकेने समोर बसावे, लहान चमचा घ्यावा, तो खालून ओठाला लावावा, वाट पाहावी, गिळल्यावरच दुसरा द्यावा, आणि तोंड फिरवले की थांबून अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करावा. मऊ गुरगुट्या भात, साबुदाण्याची खीर, आंब्याचा रस असे तिच्या आवडीचे दोन-चार घास दिवसातून सहा-सात वेळा दिले, तर ताटभर जेवणाचा हट्ट धरावा लागत नाही. यासाठी एका सेविकेला वीस-पंचवीस मिनिटे मोकळी मिळायला हवीत. एका हाती चार वाट्या घेऊन फिरणाऱ्या बाईला कितीही शिकवले तरी हे जमणार नाही. पैसे देणाऱ्या कुटुंबांनी केंद्राला विचारण्याचा प्रश्न तोच आहे.

नळीविषयी स्पष्ट लिहिते. खूप पुढे गेलेल्या स्मृतिभ्रंशात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते किंवा फुप्फुसात अन्न जाऊन होणारा न्यूमोनिया टळतो, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. उलट नळी ओढली जाते म्हणून हात बांधावे लागतात, आणि मायेने भरवण्याचा दिवसातला जो एकमेव स्पर्श उरलेला असतो तोही जातो. पक्षाघातानंतर काही आठवडे गिळता न येणे ही वेगळी परिस्थिती आहे, तेथे नळीचा उपयोग होतो. भावाशी बोलताना “नळी घालायची नाही” अशी सुरुवात करू नका. डॉक्टर, तुम्ही, भाऊ आणि ती सेविका अशा चौघांचा एक व्हिडिओ कॉल ठरवा, आणि पहिल्यांदा सेविकेला बोलू द्या. दूर राहणाऱ्या मुलाला आईचे जेवण कसे होते हे रोज पाहणाऱ्या माणसाकडून ऐकायला मिळाले की त्याच्या रागाखालची काळजी वर येते. ‘उपाशी ठेवतात’ हा आरोप ज्यांच्यावर होतो, त्या बायका पुढे घाबरून जबरदस्तीने घास कोंबू लागतात, हेही त्याला सांगावे.

प्रश्न ३ : मी मूळची बऱ्हाणपूरकडची. सहा वर्षे इंदूरच्या केंद्रात रात्रपाळी करते. मागच्या महिन्यात एक आजी शेवटच्या होत्या. त्यांचा मुलगा परगावी होता. तो फोनवर रडत म्हणाला, “आईच्या तोंडात गंगाजल घाला.” नर्सबाईंनी आधी सांगितले होते की तोंडात काही घालायचे नाही. मी त्यांचा हात धरून बसले होते. मी दोन थेंब घातले. मग घरघर वाढली आणि अर्ध्या तासात त्या गेल्या. मी कोणाला सांगितले नाही. माझ्यामुळे गेल्या का? दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर नवीन बाई आल्या आणि मला रडू आले तर मॅडम रागावल्या. (एक सेविका)

उत्तर : ताई, तुमच्यामुळे त्या गेल्या नाहीत. घरघर आधीच लागलेली होती, म्हणजे त्यांचे शरीर काही तासांच्या वाटेवर होते. दोन थेंबांनी माणूस जात नाही. शेवटी श्वास बदलतोच, आणि आपण नुकतेच जे केले त्याच्याशी मन त्याची सांगड घालते. कूस बदलली आणि गेले, औषध दिले आणि गेले, असे माझ्याबरोबरच्या कितीतरी परिचारिकांना वर्षानुवर्षे वाटत राहिले आहे.

नर्सबाईंचा नियमही चुकीचा नव्हता. शुद्धीत नसलेल्या माणसाला चमच्याने पाणी दिले तर ते श्वासनळीत जाऊ शकते. चूक एवढीच झाली की गंगाजल घालायला सांगितले तर काय करायचे, हे कोणी तुम्हाला शिकवले नव्हते. इंदुरातल्या मराठी माणसाच्या शेवटच्या घटकेला ही मागणी येणार हे काय कोणाला माहीत नसते! पुढच्या वेळी कापसाचा बोळा किंवा स्पंजची काडी गंगाजलात बुडवा, घट्ट पिळा आणि ओठांवरून, जिभेच्या टोकावरून फिरवा. तुळशीचे पान तोंडात ठेवायला सांगितले, तर ते ओठांवर किंवा छातीवर ठेवा आणि श्वास थांबल्यावर मुखात ठेवा. काही घरांत माणसाला खाली जमिनीवर घ्यायला सांगतात. ते एकटीने करू नका, दोघी-तिघी असाल आणि आधी ठरलेले असेल तरच करा. मुलाला फोनवर बोलू द्या आणि फोन आजींच्या कानाशी धरा. ऐकू येत असेल असे धरूनच आम्ही बोलतो.

रडण्याबद्दल तुमच्या मॅडमनी हे वाचावे, म्हणून लिहिते. एखादी व्यक्ती गेल्यानंतर, पुढची खाट भरण्याआधी, त्या पाळीतल्या सर्वांनी दहा मिनिटे एकत्र बसायचे. काय चांगले झाले, काय अवघड गेले, कोणाला काय खटकले, हे बोलायचे. कोणाला दोषी धरायचे नाही. चादर बदलायला लागतो तेवढाच हा वेळ आहे. तुमचे दोन थेंब त्या दहा मिनिटांत बाहेर आले असते आणि तुम्ही महिनाभर ते एकटीने उराशी घेऊन बसला नसता. आता तरी नर्सबाईंना सांगा. हे पान त्यांना दाखवले तरी चालेल.

मुलाला सांगावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते तुमच्या मनात असणार. तो दिवसकार्याला किंवा दाखला न्यायला केंद्रात आला, आणि शेवटी काय झाले असे त्याने विचारले, तर त्याचे गंगाजल पोहोचले होते आणि हात तुमच्या हातात होता, हे त्याला सांगा. दोन्ही खरे आहे.